शोभावहिनींचा रिकामा ओटा

आमच्या घरात मिरची कांडायचं यंत्र आहे, आणि ते आमच्या घरात असायला नको होतं. ते इथे कसं आलं, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. (बायकोला तर मुळीच नाही!) यंत्र सुरू झालं की मला शिंका येतात. लोक समजतात, मिरचीमुळे.

मी दारव्ह्याला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेतो. एरवी मी अबोल माणूस. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बायकोला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. वडिलांनी आईला जन्मभर 'अवं' म्हटलं, मीही 'अवं'वरच संसार रेटला. चारचौघांत विषय निघाला तर 'ती'. बस्स.

आता इंग्रजीतलं 'शी', 'हर' आणि 'हर्स' शिकवायचं म्हणजे एक बाई लागतेच. पुस्तकातली मेरी रोज बागेत जायची, तिच्याकडे छत्री असायची, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मेरीला पुल्लिंगी 'ही' करून मोकळा व्हायचा! एकदा वैतागून मी मागच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि म्हणालो, "शी मेक्स टी. हर टी इज वॉटर. द फॉल्ट इज हर्स." वर्ग खदखदून हसला. आणि दुसऱ्या दिवशी एकाचंही चुकलं नाही!

मग मला चटकच लागली. ती दुपारभर झोपते. तिचा भाऊ एका दिवसासाठी येतो आणि दहा दिवस राहतो. शेजारून आणलेली चाळणी ती परत करत नाही. (खरं सांगायचं तर दुपारी झोपतो मी. चाळणीही मीच आणली होती. पण तो आठवडा 'ही'चा नव्हता, 'शी'चा होता!) नाव मात्र मी कुठेच घातलं नाही. जे तोंडातून कधी निघालं नाही, ते फळ्यावर कुठून येणार? पोरांच्या वह्यांत एक बिननावाची, आळशी, पाणचट चहा करणारी बाई नांदू लागली.

बायकोनं एक दिवस विचारलंच. "काहो, स्वयंपाकघराकडे बोटं दाखवून काय शिकवून राह्यले?"

"तुह्यावरच धडा हाये."

"माह्यावर? इंग्रजीत?" तिनं पदर सावरला. "चांगलंच लिहिलं असन ना?"

"एकदम शुद्ध हाये," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं!

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीत पसरली. बायको आमच्या भागातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. सचिव म्हणजे शेजारच्या शोभावहिनी. गटाला एक संस्था मिरची कांडायचं यंत्र देणार होती, आणि ते वहिनींकडे बसवायचं हे सर्वांनी एकमतानं ठरवलं होतं. वहिनींना त्या यंत्राची एवढी हौस, की त्यांनी अंगणात सिमेंटचा ओटा बांधला, त्याला पिवळा रंग दिला, वरून टिनाचं शेडही उभं केलं. कारभार त्याच बघणार होत्या. आता फक्त संस्थेच्या मॅडमनी येऊन बघायचं आणि सही करायची.

मॅडम आल्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता. सारा गट आमच्या पुढच्या खोलीत जमला. वहिनी किटली घेऊन चहा देत होत्या. इतक्यात बायको उठली आणि म्हणाली, "आता आमच्या सरायची विद्यार्थिनी इंग्रजीत स्वागत करीन!" मला पत्ताच नाही! आठवीतली प्राची ताडकन उभी राहिली. तिचा आवाज असा, की एसटी स्टँडवर भोंग्याची गरज पडू नये.

"शी मेक्स टी!" प्राची गरजली. "हर टी इज वॉटर!"

मॅडमनी हातातल्या कपात डोकावून पाहिलं.

"काय म्हन्ते हो पोरगी?" बायकांनी मला विचारलं. "आमालेबी सांगा ना!"

"म्हणते... ती सगळ्यांना चहापाणी विचारते."

"शी स्लीप्स ऑल आफ्टरनून!"

"ती दुपारभर डोळे मिटून गटाचा विचार करते."

"हर ब्रदर कम्स फॉर वन डे अँड स्टेज टेन!"

"तिच्या माहेरी लय एकोपा आहे!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोचे डोळे भरून आले. प्राचीनं चाळणीही सोडली नाही, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाली, "द फॉल्ट इज हर्स!"

"यश तिचंच आहे," मी घामानं निथळत म्हणालो.

टाळ्यांच्या कडकडाटात मॅडम माझ्याकडे झुकल्या आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "ही बाई गटात आहे का? कोण ती?"

तेव्हा मला म्हणता आलं असतं, की मॅडम, व्याकरणाची उदाहरणं आहेत, मनावर घेऊ नका. पण अध्यक्षबाई माझ्या शेजारीच उभ्या, डोळे पुसत. अध्यक्षच अशी निघाली तर यंत्रच जाईल, या भीतीनं माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि बोट मात्र उठलं. ते समोर किटली घेऊन वाकलेल्या शोभावहिनींवर जाऊन थांबलं!

मॅडमनी पुन्हा कपात पाहिलं. (चहा वहिनींचा होता आणि फक्कड होता. पण मन कलुषित झालं की जिभेचं काय चालतं?) त्यांनी कागदावरचं एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं, आणि यंत्र अध्यक्षांच्या घरी बसेल, असं माझ्याच तोंडून मराठीत जाहीर करवलं.

"आँ? अन् माहा ओटा?" वहिनी म्हणाल्या. "काहून हो भाऊजी? काय म्हन्ते मॅडम?"

"म्हणतात, ओटा उत्तम आहे. पण तुमच्याकडे हवा फार आहे."

"मिरचीले त हवा लागतेच ना!"

"मिरचीला लागते, वहिनी. यंत्राला सोसत नाही."

वहिनींनी मॅडमच्या कागदावरच्या यंत्राच्या चित्रावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "असन बाप्पा. तुमी शिकलेले मानसं." आणि किटली घेऊन उरलेल्यांना चहा द्यायला गेल्या.

याला दोन वर्षं झाली. यंत्र माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून धडधडतं. पोरं शिंकत शिंकत व्याकरण शिकतात, निम्मी शिकवणी सोडून गेली. पिवळ्या ओट्यावर गल्लीतली बकरी ऐटीत बसते. बायको म्हणते, "शोभाचं यंत्र माह्या घरी कायले ठुलं त्या मॅडमनं, मले अजून समजलं नाई." काल वहिनी स्वतः काढा घेऊन आल्या. "भाऊजी, तुमच्या शिंका लयच वाढल्या. प्या बरं गरम गरम." मी प्यायलो.

वर्गात आता मी पुन्हा मेरीवर आलो आहे. या कागदावर वहिनींचं नाव धीर करून लिहिलं, बायकोचं अजूनही लिहिता आलेलं नाही.

तर मी शोभावहिनींचं देणं लागतो ते असं. एक यंत्र. ते चार गड्यांना उचलेल. एक माफी, ती मला एकट्यालाच त्यांच्या दारापर्यंत न्यायची आहे. अंतर अकरा पावलं, दोन वर्षांत पोचलो नाही.

आणि हो, ती चाळणी. तीही त्यांचीच आहे.