सातव्या फेरीची भेट

लायलमामा रोज सकाळी रेडिओ लावायचा आणि रोज सकाळी वैतागून बंद करायचा. कॉफी तयार होईपर्यंतचा वेळ त्याला त्यासाठी पुरेसा असे. रेडिओवर आमच्या शहरातले लोक फोन करून इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या खेळाच्या, संघाला सल्ले द्यायचे आणि मामा ओट्याशी उभा राहून त्यांना उत्तरं द्यायचा. "हो का? तुझ्या बापाने टाकला होता का कधी असा चेंडू?" मग खटकन बटण. टोस्टवरची नजर न काढता जोअ‍ॅनमामी म्हणायची, "लाव परत. मला हवामान ऐकायचंय."

मामाचं सगळं आयुष्य त्या संघाच्या नोकरीत गेलं. नोकरी म्हणजे गाडी हाकत फिरायचं, आडगावच्या कॉलेजांच्या मैदानांवर गारठलेल्या बाकावर बसायचं आणि पोरं हेरायची. एप्रिलमध्ये सगळे संघ आळीपाळीने पोरं उचलतात, सात फेऱ्यांमध्ये. पहिल्या फेरीतलं पोर मामाने कधी हेरलं नाही. "ते आंधळ्यालाही दिसतं. त्याच्यासाठी मी कशाला पेट्रोल जाळू?" त्याची माणसं शेवटच्या फेऱ्यांमधली. धावताना एखादं पाऊल मागे पडणारी, किंवा उशिरा उमललेली, किंवा ज्यांच्या गावाला जायला धड रस्ता नाही अशी.

एक गोष्ट मात्र त्याला अजिबात सोसवत नसे. शेवटच्या फेरीत एखादा कच्चा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, घ्यायचा आणि 'याला घडवू' म्हणायचं. आमचा संघ दर दोन-तीन वर्षांनी हे करायचा. रेडिओवाले खूश व्हायचे. लॉटरीचं तिकीट, तेही फुकटात!

"तिकीट काढायचं आणि पँटच्या खिशासकट धुवायला टाकायचं, अशी यांची लॉटरी," मामा म्हणायचा.

त्याचं चूक नव्हतं. सरावात चेंडू फेकायला मिळतो तो पहिल्या क्वार्टरबॅकला. उरलंसुरलं दुसऱ्याला. तिसऱ्याने येत्या रविवारी समोर येणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकची हुबेहूब नक्कल करायची, म्हणजे आपल्या बचावाला सवय होते. दर आठवड्याला नवं सोंग. दोन वर्षांत पोराला स्वतःचा हात आठवेनासा होतो आणि मग त्याला घरी पाठवतात. मामाने हेरलेल्या अशा एकाचा आता छपरं दुरुस्त करायचा धंदा आहे. त्याची पाटी हमरस्त्यावर आहे, आणि ती आली की मामा डावीकडच्या शेतांकडे बघत गाडी चालवायचा.

आणि मग त्याला वेस्ली रस्टाड दिसला.

उत्तर डकोटात, भर वाऱ्यात. त्या संध्याकाळी मामा बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. "जोअ‍ॅन, तो फेकतो ना, तेव्हा आवाज येत नाही," तो म्हणाला. "पाय मात्र चिखलात रुतलेल्या गाईसारखे आहेत."

"म्हणजे चांगला की वाईट?"

"दोन वर्षं कोणी त्याच्या पायांवर ओरडायला हवं. चांगलाच आहे."

तो सगळा हिवाळा त्याने कचेरीत भांडण्यात घालवला. चौथ्या फेरीत घ्या आणि त्याला शिकवायला एक माणूस लावा, नाहीतर हात लावू नका. कारण सातही फेऱ्यांत कोणीच उचललं नाही, तर पोर मोकळं असतं. कुठे जायचं ते त्याचं तो ठरवतो. पश्चिमेकडच्या एका संघात एक म्हातारा प्रशिक्षक सराव संपल्यावर कच्च्या पोरांना थांबवून घ्यायचा. वेस्लीने तिथे जावं, असं मामाच्या मनात होतं.

निवडीचा शेवटचा दिवस शनिवार. मामाचीही ती शेवटची निवड, मे महिन्यात तो निवृत्त होणार होता. पुढचं त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी त्या खोलीत होते असंच वाटतं.

सातवी फेरी. संघाचा मुख्य, डॅरेन फॉल्क, खुर्ची फिरवून म्हणाला, "लायल, तुझा रस्टाड अजून शिल्लक आहे रे."

"राहू दे."

"हिवाळाभर डोकं खाल्लंस ना आमचं?"

"चौथीत घ्या म्हणून खाल्लं. आता नको. सरावात फेकायला देणार आहात त्याला?"

"बघू की."

"बघू म्हणजे नाही."

सगळे हसले. म्हातारा रुसलाय, असं वाटलं त्यांना. फॉल्कने कोणाच्या तरी कानात काही सांगितलं. थोड्या वेळाने पडद्यावर आमच्या संघाच्या नावापुढे वेस्लीचं नाव आलं आणि खोली टाळ्या वाजवत उभी राहिली. दार उघडून केक आत आला. पाठीवर 'रस्टाड' छापलेली जर्सीही तयार होती.

"निवृत्तीची भेट, लायल!" फॉल्क म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते. मामाचा सगळ्यात जास्त संताप त्यावरच होता.

"माणसाचं पोर देतात का भेट?" घरी येऊन जर्सी खुर्चीवर टाकत तो ओरडला. "घड्याळ द्यायचं! सगळे घड्याळच देतात!"

मामी काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. मामाने उचलला, तर वेस्ली होता. मागे अख्खं घर ओरडत होतं.

"मिस्टर क्रुपा, तुम्ही माझ्यासाठी भांडलात म्हणे."

मामाने खुर्चीवरच्या जर्सीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "भांडलो. रडतंय कोण तिकडे?"

"आजी."

"तिला पाणी दे."

पुढे तेच झालं, जे होणार होतं. वेस्ली दर आठवड्याला कोणाची तरी नक्कल करू लागला. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. मामाने त्याला दर मंगळवारी चर्चच्या मागच्या वाहनतळावर बोलवायला सुरुवात केली. स्वतः समोर उभा राहून झेलायचा, गुडघे दुखत असताना, बर्फ उपसायचे हातमोजे घालून.

"बोटं मोडून घेशील," मामी म्हणायची.

"मोडू देत. निवृत्त माणसाला दहा कशाला लागतात?"

मी कधी कधी गाडीत बसून बघायचे. चेंडू यायचा, खरंच आवाज न करता. मामा तो छातीशी धरायचा आणि खेकसायचा, "हे कोणाचं फेकलंस?"

"रविवारच्याचं, मिस्टर क्रुपा."

"त्याला त्याच्या घरी पाठव. तुझं फेक. आणि पाय! पाय उचल, मुळं फुटतील!"

याचा उपयोग होत होता का, कोण जाणे. मला पाय जरा हलके वाटायचे. मामाला विचारलं तर म्हणायचा, "तू पुस्तकं वाच."

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला संघाने वेस्लीला काढून टाकलं. दुसऱ्याच दिवशी पश्चिमेकडून त्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा फोन आला. विमान संध्याकाळचं होतं. वेस्ली निरोप घ्यायला आला तेव्हा मामा नळाचा वॉशर आणायला निघाला होता आणि मी पायरीवर बसले होते.

"ते मला काल कचेरीत सांगत होते," वेस्ली म्हणाला. "याला घेऊ नका, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझी आजी रडत होती."

वेस्लीने मान खाली घातली. मग हसला. मग पुन्हा हसू गेलं. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, ते जमत नव्हतं, आणि तो जातही नव्हता. मामाने दोनदा किल्ल्या खुळखुळवल्या.

त्या दुपारी हार्डवेअरच्या दुकानात, वॉशरच्या खणांसमोर, मामा खाली बसला तो उठला नाही. दुकानात तो कोणाशी काही बोलला असेल तर मला माहीत नाही. मी ऐकलेलं त्याचं शेवटचं बोलणं त्या अंगणातलं. वेस्लीची गाडी आडवी लावलेली होती, तिच्याकडे बोट दाखवून तो वैतागून म्हणाला, "अरे, ती गाडी काढ आता. माझी अडकलीय मागे."