नऊ डागी आंबे

आमच्या घरची हापूसची कलमं होती, पण बिनडागी हापूस आम्ही कधी खाल्ला नाही. चांगला आंबा पेटीत, बारका कॅनिंगला, आणि गवताच्या अढीत पिकताना ज्याला काळा डाग पडला तो आमच्या पोटात. टाकायचा नाही, हा वडिलांचा कायदा. डाग कापायचा नि बाकीचा गिळायचा. मे महिन्यात आमच्या संडासासमोर रांग असे, आणि रांगेत मोठ्यांना मान वगैरे काही नसे.

२००२ साली मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुण्याला खेळाच्या शिक्षिकेचं बी.पी.एड. करायचं होतं. वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं. शेवटी त्यांनी अट घातली. एक मेला भाट्याच्या किनाऱ्यापासून मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत आणि परत अशी दहा किलोमीटरची शर्यत होती.

"पहिल्या तिघींत आलीस तर जा पुण्याला. नाहीतर गप घरी बस."

आदल्या संध्याकाळी अढी उघडली, तर निम्मी डागी निघाली. वडिलांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात नऊ आंबे वाढले. म्हणाले, उद्या पळायचंय, ताकद हवी. मी नऊच्या नऊ खाल्ले. हावरटपणा माझाही होता, खोटं कशाला बोलू.

सकाळी खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत मी दुसरी होते. वाटेत मांडवीला पोटात गुरगुर सुरू झाली. भीतीने होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मिरकरवाड्याला वळसा घेतला आणि समजूत संपली. परत पाच किलोमीटर जायचं होतं आणि पोटाला पाच मिनिटंही मंजूर नव्हती. त्यात बंदरावरचा सुक्या मासळीचा वास.

एका दारात एक बाई जाळं शिवत बसली होती. मी थेट तिच्या अंगणात घुसले. तिने माझ्या छातीवरचा नंबर पाहिला, मग तोंड पाहिलं.

"मागल्या दारी जा गो. टमरेल भरलेला हाय."

आत बसून मी रस्त्यावरची पावलं ऐकत होते. एक गेली. दुसरी गेली. तिसरीला कोणीतरी शाबास म्हणालं. पुणं माझ्या हातातून चाललं होतं, रडू येत होतं, आणि पोट हलकं झाल्याचं सुख असं की हसूही आवरेना.

बाहेर आले तर बाई कुंकवाचा करंडा घेऊन वाटेत उभी.

"काकी, शर्यत आहे माझी."

"असूंदे. पयल्यांदा घरात आलीस, तशीच कशी जाशील?"

तिने कपाळभर कुंकू लावलं आणि रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून हातात एक आंबा ठेवला. पळता पळता बघितला. डागी होता.

रिकाम्या पोटाने माणूस काय पळतं ते मला त्या दिवशी कळलं. एकीला मागे टाकलं. तिसरी दहा पावलांवर राहिली, आणि तेवढ्यात शर्यत संपली. मी चौथी आले.

वडील शर्यत संपायच्या दोरीपाशीच उभे होते.

"हे कुंकू कुठलं?"

मी सगळं सांगितलं, टमरेलासकट. त्यांनी माझ्या हातातला आंबा घेतला, फिरवला, डागावर अंगठा ठेवला.

"काल किती वाढले मी?"

"नऊ."

माझे डोळे भरून आले होते, घरी बसायचं हे ठरलेलंच होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चारचौघांत कधी न हसणारा माणूस वाळूत फतकल मारून बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "फॉर्म कधी भरायचाय?"

जूनमध्ये मी पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी शेवटच्या फळांची पेटी बांधून दिली. दोन डझन, आणि एकालाही डाग नव्हता. मी एकेक फळ उचलून बघितलं होतं. एसटीत मात्र एकालाही हात लावला नाही. रस्ता आठ तासांचा होता.