संत्री अकोल्याला, कापूस अमरावतीला

मुलांनो, तुमच्या दारी ज्ञानकोश विकणारा आला होता, पोरांसाठी घ्यावा का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एवढं सगळं फोनवर सांगणं परवडणार नाही, म्हणून लिहिते.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा आमच्याकडेही असाच एक एजंट आला होता. मला मॅट्रिकला शास्त्र घ्यायचं होतं आणि मुलींच्या शाळेत ते शिकवायला कोणी नव्हतं. त्या दहा इंग्रजी खंडांवर माझी सगळी भिस्त होती. बाबांची अमरावतीजवळ संत्र्यांची बाग. धाकटे काका अकोल्याला कापसाचे व्यापारी. बैठकीत त्या खंडांवरची सोनेरी अक्षरं दोघांनाही हवी होती, पण पूर्ण किंमत एकालाही द्यायची नव्हती. शेवटी निम्मे निम्मे घ्यायचे आणि दिवाळीला अदलाबदल करायची, असं ठरलं.

आई म्हणाली, "एका बैलानं नांगर चालते का?" तिचं कोणी मनावर घेतलं नाही. ती शिकलेली नव्हती ना.

मग शेताच्या वाटणीची रीत पुस्तकांना लावली. थोरल्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचा. बाबांनी इंग्रजी अक्षरक्रमाने पाच-पाच खंडांच्या दोन चळती रचल्या. काकांनी उंच दिसली ती उचलली. ती अक्षरक्रमातली मागची, तिच्या शेवटी जाडजूड सूची होती. त्यामुळे 'सी'मधली कापसाची माहिती आमच्या वाट्याला आली आणि 'ओ'मधली संत्री अकोल्याला गेली.

मी ओळीने वाचायला बसले. इंजिनाच्या पानाखाली लिहिलं होतं, 'वाफ पाहा'. वाफ अकोल्याला. विजेच्या पानाखाली, 'चुंबक पाहा'. चुंबक म्हणजे मॅग्नेट, 'एम'; तेही तिकडेच.

दिवाळीला काका रिकाम्या हाताने आले.

"दादा, पयले तुमचे द्या."

"तू लहान हायेस, तू आधी आण."

"उचलाचा मान माहा होता, आणाचा तुमचा."

मी मधेच चुंबकाचं विचारलं.

"तुले कायले पायजे वं चुंबक? सासरी लोखंड उचलाचं हाये का?" काका म्हणाले. बाबा हसले. त्या दिवाळीत दोघा भावांचं तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

अदलाबदल कधीच झाली नाही. मी मॅट्रिकला शास्त्राऐवजी इतिहास घेतला. पाहुणे आले की बाबा सांगत, आमच्या घरात सगळ्या जगाचं ज्ञान आहे. काका अकोल्यात तेच सांगत.

तेव्हा घेणार असाल तर खुशाल घ्या, फक्त भावाला विचारू नका.

अकोल्याचे खंड रद्दीत गेले. आमचे पाच माझ्या कपाटात आहेत. पाचवा 'एल'वर संपतो.