अर्ध्या दाढीचे डॉक्टर

माझे भाऊजी न्हावी. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागतं. अडचण एवढीच, की जाग आल्यावर न्हावी जागेवर असेलच असं नाही. बाहेर कुणाची स्कूटर सुरू होत नसली, की भाऊजी कात्री ठेवून तिकडे. स्कूटर सुरू होते, तिच्या मालकाबरोबर चहा होतो, आणि आत एक माणूस एकाच बाजूने देखणा होऊन बसलेला असतो.

लोक हसायचे आणि पुन्हा यायचे. मी मात्र भाऊजींना तोंडावर बेजबाबदार म्हणायची. संसार माझ्या बहिणीला करावा लागत होता ना!

मग ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी सोडलं त्या दिवशी भाऊजी टॅक्सी आणायला खाली उतरले आणि ताई पोटाला हात धरून हॉस्पिटलच्या बाकावर बसली. टॅक्सीचा वायपर अडकत होता. भाऊजींनी तो दुरुस्त केला, ड्रायव्हरशी गप्पा मारत टॅक्सीत बसले आणि थेट आपल्या दुकानासमोर उतरले. ताईला घ्यायला शेवटी मी गेले.

"मी त्या घरी परत जायची नाही," माझ्याकडे आल्यावर ती म्हणाली. "छत्री विसरावी तशी बायको विसरले. इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, आता पुरे." ती आदळआपट करत असती तर मी घाबरले नसते. पण ती अगदी शांत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडते तर भाऊजी, खांद्यावर टॉवेल आणि हातात उघडा वस्तरा. समोरची शेजारीण किंचाळलीच.

"ही कुठाय? माफी मागायचीय."

त्यांच्यामागून एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. गळ्यात दुकानातलं कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळत चाललेला. "माझी दाढी अर्धी राहिलीय," ते नम्रपणे म्हणाले.

हे निघाले मनोविकारतज्ज्ञ. मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि भाऊजींचे सगळे पराक्रम तिखटमीठ लावून सांगितले. वाटलं, डॉक्टर चार शब्द सुनावतील. ते उलट भाऊजींनाच हळूहळू विचारत गेले. शाळेतही असंच व्हायचं का? वस्तू हरवतात? रांगेत उभं राहवतं? उत्तरं देता देता भाऊजींची मान खाली गेली.

"एडीएचडी असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "रीतसर तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही."

"तो तर पोरांना असतो!" मी म्हटलं.

"पोरं मोठी होतात, म्हणून तो जातोच असं नाही. हा आळस नाही आणि बेपर्वाईही नाही. लक्ष यांच्याकडे भरपूर आहे. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, याचा लगाम हातात राहत नाही."

पुढे तपासणी झाली, निदान तेच निघालं, गोळ्याही सुरू झाल्या. पण त्या सकाळी ताईला त्याचं काय?

ती आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. "आजाराला नाव मिळालं, म्हणून मी बाकावर बसले नव्हते असं होत नाही," ती म्हणाली. "स्कूटर दिसली की लक्ष तिकडे, वायपर दिसला की तिकडे. हातातलं काम टाकून माझ्याकडे कधी गेलं हो तुमचं लक्ष?"

भाऊजींनी हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या गालाकडे. आपण काय करून बसलोय, ते त्यांना तेव्हा कुठे कळलं.

"यांची दाढी करताना तू आठवलीस," ते म्हणाले. "पुढचं काही सुचलंच नाही. दुकान बहुतेक उघडंच आहे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. डॉक्टर भिंतीवरचं घड्याळ फार मन लावून बघू लागले. ताई डोळे पुसत आत गेली आणि गरम पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली.

"आधी त्यांचा दुसरा गाल पुरा करा," ती म्हणाली. "मी थांबते."