मिलचं मागचं दार

लातूरच्या डाळमिलमध्ये आईनं वीस वर्षं डाळ निवडली. भुशाच्या धुळीनं खोकला जडला, पण हजेरीपटावर तिचं नावच नव्हतं. नाव नाही म्हणून कामगार विम्याचं कार्ड नाही, अन् कार्डाशिवाय इलाज नाही. शेवटी मी कामगार कार्यालयात तक्रार केली. मी कामगार संघटनेचं काम करते; ‘तक्रार गुप्त ठेवा’ असं संघटनेसाठी मीच लिहिलेल्या पत्रकात छापलेलं, म्हणून घरीही बोलले नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांसोबत मी मिलमध्ये शिरले. सुपं तशीच पडलेली, बाई एकही नाही.

"मग या सुपांनी डाळ कोण पाखडतं?" मी विचारलं.

"सुपांचा जबाब घेता येत नाही, ताई." त्यांनी ‘महिला कामगार आढळल्या नाहीत’ असं लिहिलं अन् निघाले.

तपासणी आली की बायांनी मागच्या दारानं निघायचं, ही तिथली जुनी रीत. मी मागं धावले. आई भिंतीआड बसलेली, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबलेला. जीप गेल्यावरच तिनं तो काढला अन् बराच वेळ खोकत राहिली.

"तू कशाला आलीस गं हितं?"

"साहेबाला मीच आणलं, आई."

"आदी सांगायचं न्हाई व्हय, येडे? मी आतच थांबले असते की."