गमबुटातलं गुपित

थोंगयोंग बंदराजवळच्या खाडीकाठी कालवं फोडणाऱ्या बायकांची सुरी आणि जीभ, दोन्ही सारखीच धारदार. त्यांतही गुमसुनची सुरी सगळ्यांत पुढे. शेडमधल्या लांबलचक टेबलाशी गमबूट घालून ती उभी राहिली, की शेजारणीची एक टोपली भरेपर्यंत हिच्या दोन. एकोणचाळीस वर्षांची, दोन मुलींची आई, नवरा बोटीवर, आणि टेबलाच्या पलीकडे, अगदी समोर उभी, सासू मालसुन.

गुमसुनची दोन गुपितं होती आणि दोन्ही तिच्या डाव्या गमबुटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. पहिलं, सिगारेट. अठराव्या वर्षापासून ती शिंपल्यांच्या ढिगामागे जाऊन ओढायची. त्या गावात पुरुषानं चौकात धूर सोडला तर तो दमलेला असतो. बाईनं सोडला तर ती बिघडलेली असते.

दुसरं गुपित म्हणजे गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. मालसुनला नातू हवा होता. त्यासाठी ती वैद्याकडून मुलगा होण्याचा काढा आणायची आणि रोज सकाळी स्वतः गरम करून सुनेच्या हातात वाटी द्यायची. गुमसुन निमूटपणे काढा प्यायची आणि शेवटच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं.

गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. औषधांच्या दुकानातला म्हातारा काही न विचारता पाकीट पुढे सरकवायचा. तो गेला आणि दुकानात नोहबाई आली. तरुण, चष्मेवाली आणि चौकस.

"वय किती, ताई?"

"एकोणचाळीस."

"सिगारेट ओढता?"

गुमसुनच्या मागे रांगेत छुनबुन उभी होती, मालसुनची जिवलग मैत्रीण. त्या बाईच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या खाडीला कळायची.

"छे गं बाई! आमच्या घराण्यात असलं काही चालत नाही."

नोहबाई पुढे वाकली. "पस्तिशी उलटलेल्या बाईनं सिगारेटही ओढली आणि ही गोळीही घेतली, तर रक्ताची गुठळी होऊ शकते. पायात, छातीत, मेंदूतसुद्धा. म्हणून विचारते, चौकशा करायला नाही."

"सांगितलं ना, नाही म्हणून!" गुमसुन म्हणाली आणि गोळ्या घेऊन निघाली. मरणाची भीती लांबची होती. छुनबुन हातभर अंतरावर होती.

माघ संपता संपता एके दिवशी दुपारी तिच्या हातातली सुरी पडली. उचलायला गेली तर उजवा हात जागचा हलेना. "सुरी," असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलताच आवाज बाहेर पडला. ओठाचा एक कोपरा खाली लोंबला होता. बायका धावल्या. कोणी अंगठ्याला दोरा आवळला, कोणी सुईनं बोटं टोचून काळं रक्त काढायला सांगितलं, कोणी वैद्याची सोनेरी वर्खाची गोळी तिच्या वाकड्या तोंडात कोंबू लागली. त्या गावात माणूस कोसळला की आधी हेच करायचं, असं ठरलेलं. गुमसुननं धडक्या डाव्या हातानं ती गोळी उडवून लावली. शेडच्या मालकानं तिला टेम्पोत घातलं आणि सुसाट निघाला. वेळेवर निघाला म्हणून ही गोष्ट सांगता येते आहे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "हा झटका आहे. मेंदूत गुठळी अडकली. या वयात का झाली ते कळायला हवं, नाहीतर पुन्हा होईल. सिगारेट?"

"अहो, काहीतरीच काय!" मालसुन उसळली. "माझी सून आहे ती!"

"काही औषधं? गर्भनिरोधक गोळ्या?"

"आम्ही नातवाची वाट बघतोय, डॉक्टर! माझा काढा सोडला तर काही घेत नाही ती."

गुमसुन पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. सगळं कळत होतं, फक्त शब्द येत नव्हते. गप्प राहिलं तर अब्रू शाबूत, आणि जीव पुन्हा टांगणीला. तिला धाकटीचं शाळेचं दप्तर आठवलं, तिनं आजच शिवायचं कबूल केलेलं. मग तिला राग आला. त्या रांगेचा, छुनबुनचा, स्वतःच्या त्या "छे गं बाई"चा.

तिनं डाव्या पायातला गमबूट उजव्या पायाच्या टाचेनं काढायला पाहिलं. जमेना, तो पाय ऐकत नव्हता. तेव्हा तिनं पलंगाच्या कडेला डावी टाच घासून घासून बूट ढकलला. तो खाली आदळला, पिशवी बाहेर आली आणि डॉक्टरसमोर सांडलं सगळं. अर्धं पाकीट सिगारेटी, काडेपेटी, अकरा गोळ्या संपलेली पट्टी.

मालसुननं एकेक वस्तू नीट पाहिली.

"म्हणजे पाच वर्षं मी तो काढा..."

गुमसुन अर्ध्या तोंडानं हसली. दुसरं अर्धं चालत नव्हतं, नाहीतर तेही हसलं असतं.

गुमसुन वाचली. सिगारेट सुटली, गोळ्या सुटल्या. उजवा हात लुळा राहिला, म्हणून सुरी डाव्या हातात आली. आता तिची टोपली सगळ्यांच्या शेवटी भरते. बोलणं जड झालं, पण ती पूर्वीपेक्षा जास्त बोलते आणि मुद्दाम मोठ्यानं.

पुढच्या शरद ऋतूत ती मालसुनच्या कोपराचा आधार घेऊन आपलं औषध आणायला दुकानात गेली. पुढे छुनबुन होती, सोबत तिची पस्तिशी उलटलेली सून हेरिन. हेरिनच्या हातात तसलीच पट्टी. पाळीच्या दुखण्यावर म्हणून घेत होती, असं म्हणाली.

"सिगारेट ओढतेस?" नोहबाईनं हळूच विचारलं.

"नाही."

ढिगामागे पहिली सिगारेट हेरिनला गुमसुननंच दिली होती.

"बा-ई," गुमसुन जीभ ओढत म्हणाली, "म-ला विचारा. मोठ्यानं."

"तुम्ही ओढता?"

"ओढायचे. वीस वर्षं. वर या गोळ्या. इथंच, याच रांगेत खोटं बोलले. बघा हा हात."

छुनबुन फणकारली. "चारचौघांत सांगायला लाज नाही वाटत?"

गुमसुन तोंड उघडणार, तेवढ्यात मालसुन पुढे सरकली. "लाजेपायी माझी सून मरता मरता वाचली, छुनबुन. तुझ्या सुनेला खरं बोलू दे."

हेरिननं पट्टी खाली ठेवली.

"ओढते," ती म्हणाली. "दिवसाला पाच."

"ख-रं सांग," गुमसुन म्हणाली. "द-हा."