तीन हेडफोन, तिन्हींची डावी बाजू

ते तीनही हेडफोन आता पत्र्याच्या पेटीत पडलेले आहेत. शेजारी माझा पेचकस. पेटी मी उघडत नाही.

जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये मी तीस वर्षं फिटर होतो. माझ्या कानाबद्दल सांगायचं तर थोडं वाढवूनच सांगावं लागतं, कारण खरं सांगितलं तर कोणी मानत नाही. पाचोऱ्याच्या रुळावर एखादं चाक घासलं, तर मला इथे खाटेवर पडल्या पडल्या कळायचं. बायको स्वयंपाकघरात मनातल्या मनात शिव्या द्यायची, त्या मला अंगणात ऐकू यायच्या. मुंगी भिंतीवरून चालली तर मी विचारायचो, "कोण आलंय?" एवढं सोडा, पण मिलमध्ये माझा शब्द म्हणजे शेवटचा. बेरिंग ठीक आहे की नाही, हे मी पेचकसानं सांगायचो. पेचकसाचं टोक बेरिंगच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी दाबायची, की आतल्या गोळ्या आपल्याशी बोलायला लागतात. कोरडं पडलेलं बेरिंग करकरतं, फुटायला आलेलं रडतं.

हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं. त्याचा एक नियम होता: मशीन डाव्या कानानं ऐकायची. उजवा कान माणसांसाठी मोकळा ठेवायचा, कोणी हाक मारली तर. तीस वर्षं मी तो पाळला. माणसांसाठी उजवा, मशीनसाठी डावा.

गेल्या उन्हाळ्यात बायको म्हणाली, "तुमच्या रेडिओनं गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपत नाहीत. चार घरं सोडून बाई विचारायला आली, लग्न कोणाचं आहे म्हणून." मी म्हटलं, हल्लीची यंत्रंच मरतुकडी, आवाज देत नाहीत. आणि गेलो स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात.

दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "चाचा, हे घ्या. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. चाचीपण खूश."

तो पहिला. काळा, रेक्झिनच्या गाद्यांचा. ढोल असा वाजायचा की कोणी रिकाम्या पिंपावर मुसळ मारतंय. गाणाऱ्याचा आवाज मात्र पातेल्यात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि पकड म्हणजे डोकं लोखंड धरायच्या शेगड्यात आवळलंय असं वाटायचं. मे महिन्याची गर्मी, वर रेक्झिन. अर्ध्या तासात माझे कान डाळीच्या फुणक्यांसारखे वाफवून निघाले. वर चमचाभर तेल घातलं असतं तर कोणी खाल्ले असते. पण तेवढंही चाललं असतं. डावी बाजू धड वाजत नव्हती.

मी दुकानात आपटला. "डावी बाजू मेलेली आहे."

त्यानं स्वतः घालून बघितला. "चाचा, दोन्ही चालू."

"तुझा माल, तुझे कान. तू तर चालू म्हणणारच."

तो हसला, पहिला माझ्याच हातात परत ठेवला आणि थोड्या जास्त पैशांत दुसरा विकला. हा हलका, मऊ स्पंजाचा. डोक्यावर आहे हे विसरायला व्हायचं. पण आवाज पोकळ, झांजा वाजल्या की कढईत चमचे पडल्यासारखं. आणि नावालाच बंद, कारण बायकोला शेजारच्या खोलीत गाणं ऐकू जायचं. डावी बाजू? तीच रड. मी सगळ्या मिलमध्ये सांगत सुटलो की देशभरात डावी बाजू बनवणारा कारागीर एकच आहे आणि तो दारू पितो. सगळे हसले. मीही हसलो.

तिसरा मात्र खरोखर चांगला. कापडी गादी, घाम शोषणारी, पकड आईनं गाल धरल्यासारखी. बासरी आणि तबला वेगवेगळे उभे राहायचे. म्हणजे उजवीकडे उभे राहायचे. डावीकडे कोणीतरी भिंतीपलीकडे वाजवत होतं.

तिसरा घेतला त्याच आठवड्यातल्या शनिवारी ऑपरेटरनं मला हाक मारली. पाचोऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, तिशीतला. डाळ वर चढवणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्यावर, म्हणजे एलिव्हेटरवर, त्याची ड्युटी.

"नाना, हाई बेरिंग रडी राहिनं."

मी पेचकस टेकवला, मूठ डाव्या कानाशी दाबली. शांत. एकदम शांत. इतकं शांत बेरिंग मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती. तीस वर्षांत कोणतंही बेरिंग गप्प बसलेलं मी ऐकलं नव्हतं.

"लोण्यासारखं चाललंय," मी म्हटलं.

"माले तर ऐकू येस."

"तुला ऐकू येतं? मग हा घे पेचकस, उद्यापासून तू फिटर. मी डाळ भरतो." बाकीचे खो खो हसले. तोही ओशाळून हसला. "तसं नही नाना. तुम्ही सांगतस तर बठ्ठं ठीक शे."

रविवारी मी धुळ्याला अक्काकडे गेलो. तिसरा हेडफोन बरोबर नेला, कारण भाची घरूनच फोनवर बोलायचं काम करते आणि दिवसभर तिच्या डोक्याला हेडफोन असतो. म्हटलं, जाणकाराला दाखवू. सकाळीच जेवणं उरकली आणि मी डाव्या बाजूचं गाऱ्हाणं सुरू केलं. तिनं घालून बघितला.

"मामा, दोन्हीकडे सारखं आहे."

"तू पण दुकानदाराची बहीण झालीस का?"

"एक काम करा. उलटा घाला. डावी बाजू उजव्या कानावर."

मी उलटा घातला. मेलेली बाजू उजव्या कानावर आली आणि स्वच्छ, भरून वाजायला लागली. आणि चांगली बाजू डाव्या कानावर गेली आणि मेली.

अक्कानं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, वायर सैल आहे." हेडफोनला वायरच नव्हती.

मग मला बेरिंग आठवलं.

तूर आलेली होती, म्हणून रविवारीही मिल चालू. दुपारी बाराला ऑपरेटर पट्टा सुरू करणार. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. मशीनच्या आवाजात आम्हाला फोन ऐकू येत नाही, म्हणून सगळे तो डब्याच्या पिशवीत ठेवतात. हे मला माहीत होतं. मिलच्या ऑफिसात बसणाऱ्या मुनीमजींना लावायला हवा होता. त्यांनी पट्टा सुरूच होऊ दिला नसता. पण त्यांना काय सांगणार? शनिवारी पास केलेलं बेरिंग आज धुळ्यात बसून नापास कसं केलं, हे विचारलं असतं तर? माझं बोट त्यांच्या नंबरावर होतं. दाबलं नाही. म्हटलं, एसटीनं जातो, बेरिंग तास-दीड तास तरी तग धरेल, तोवर पोहोचतो, दुसऱ्या कोणत्या तरी कारणानं पट्टा थांबवतो. कोणाला कळायचं नाही.

एसटी फागण्याला थांबली तेव्हा फोन लावला. पारोळ्याला लावला. एरंडोलला दोनदा लावला. प्रत्येक वेळी ऑपरेटरलाच. मुनीमजींना एकदाही नाही.

मिलच्या फाटकाशी रिक्षातून उतरलो तेव्हा आतून आवाज येत नव्हता. इतकी गप्प मिल मी दिवाळीतही पाहिली नव्हती.

बेरिंग अडकलं होतं. पट्टा थांबला म्हणून ऑपरेटरनं झाकण काढून हात घातला आणि अडकलेला पट्टा एकदम फिरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

संध्याकाळी दवाखान्यात मालक येऊन गेले. मी दाराशी उभा होतो. ऑपरेटर त्यांना म्हणाला, "नानांनी शनिवारी ऐकलं होतं. तेव्हा ठीक होतं. अचानक गेलं." मालकांनी मान हलवली. नानांनी ऐकलं म्हणजे ऐकलं. माझ्यावर कोणाचाही संशय नव्हता. तिथून सरळ घरी गेलो असतो तरी चाललं असतं.

मालकांना सांगणार होतोच, पण आधी त्याला सांगणं भाग होतं. मी आत जाऊन खाटेच्या कडेला बसलो. वर पंखा खडखडत होता, पलीकडच्या खाटेवरचे पाहुणे मोठ्यानं बोलत होते.

"मला डावीकडून ऐकू येत नाही," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपासून, नाना?"

"तीन हेडफोन झाले."

तो हसला नाही. त्यानं पट्टी बांधलेला हात पोटावर ओढून घेतला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि हळूच काहीतरी म्हणाला. एखादं वाक्य असेल, फार तर दोन. मी त्याच्या डाव्या हाताला, त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो, म्हणजे तो माझ्या डावीकडे. मला शब्द लागले नाहीत.

परत विचारायची हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही.